एका वस्तूसमोर पाच जण

ट्रिपला गेलं, लग्नाला गेलं की किस्से घडणारच. तिथे माणसं बोलतात, खातात, रुसतात, कुणाची तरी बॅग हरवते. पण अर्धा तास गप्प बसून एका मडक्याकडे बघत राहायचं, यात किस्सा घडायला जागाच कुठे आहे? मलाही असंच वाटायचं. आता दीड वर्षानंतर अशी परिस्थिती आहे की इथे अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये कुणाकडे जेवायला गेलं, तर पानात भाजी पडायच्या आधी प्रश्न येतो, "या महिन्यात म्युझियममध्ये काय झालं?" आणि काहीतरी झालेलं असतंच.

आधी आम्ही कोण ते सांगते. या सगळ्याला जबाबदार मीरा. सत्तावीस वर्षांची, फ्रीमाँटमध्ये जन्मलेली, आईवडील साताऱ्याचे. शहरातल्या एका म्युझियममध्ये ती लोकांना वस्तू बघायला शिकवते. म्युझियमचं नाव सांगत नाही, कारण आम्हाला तिथे पुढेही जायचंय. महाराष्ट्र मंडळाच्या एका पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं पदार्थ आणायच्या जेवणाला, ती माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, लोक चित्रापेक्षा चित्राच्या फोटोला जास्त वेळ देतात. मी म्हटलं, मीही देते. तिनं माझा नंबर घेतला, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी शहराकडे जाणाऱ्या कॅलट्रेनमध्ये होते.

माझ्याबरोबर संदीप, म्हणजे माझा नवरा. तो चिप डिझाइनमध्ये, मूळचा पुण्याचा, त्यामुळे वस्तू बघायच्या आधीच त्याचं मत तयार असतं. तिसरा निखिल, नागपूरचा, संदीपच्या टीममध्ये होता. चौथे शिंत्रे काका. सांगली-मिरजेकडे वजनमापे निरीक्षक म्हणून तीस-एक वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, आता मुलाकडे राहतात. आणि मी. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या चुका शोधते, त्यावर आमचं घर चालतं.

मीराचे नियम साधे. महिन्यात एक वस्तू, तीस मिनिटं. फोन बॅगेत. शेजारची माहितीची पाटी वाचायची नाही. आवडलं-नावडलं बोलायचं नाही. शेवटी प्रत्येकानं फक्त काय दिसलं ते सांगायचं. संदीप पहिल्या दिवशी म्हणाला होता, "आणि काहीच नाही दिसलं तर?" मीरा म्हणाली, मग तीस मिनिटं कमी पडली असं समजायचं.

*

पहिलाच शनिवार. समोर एक दगडी मूर्ती होती, हात तुटलेली. आम्ही घडीच्या स्टुलांवर ओळीनं बसलो. मीराचं मराठी रविवारच्या मराठी शाळेतलं. समजतं सगळं, पण बोलताना शब्द कधीकधी शेजारच्या घरात शिरतात. मात्र काका आहेत म्हणून तिनं सगळं मराठीतच बोलायचं ठरवलं होतं.

दहा मिनिटं झाल्यावर ती शांत आवाजात म्हणाली, "आता सगळ्यांनी हळूच डोळे मारा."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. तिला अर्थातच डोळे मिटा म्हणायचं होतं. डोळे मिटून बघितलेलं आठवायचं, असा तो व्यायाम. पण शिंत्रे काका सरकारी नोकरीतले. वरून आलेल्या सूचनेचं कारण विचारायची त्यांना सवय नाही. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "एक की दोन्ही?"

मीरा म्हणाली, "दोन्ही."

काकांनी आधी उजवा मारला. मग डावा. मूर्तीकडे बघून मारायला त्यांना बरं वाटेना, कारण मूर्ती देवीची असण्याची शक्यता होती. म्हणून त्यांनी मान वळवून दोन्ही डोळे दारात उभ्या असलेल्या गार्डला मारले. लॉरेन्स त्याचं नाव. सहा फूट उंच, पिकलेली दाढी, कधी हसताना दिसायचा नाही.

लॉरेन्सनं इकडेतिकडे बघितलं, आणि एक डोळा परत मारला.

तेव्हापासून त्या दोघांची जी दोस्ती आहे, तिला भाषेची गरज पडलेली नाही.

*

दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात एक भलंमोठं निळं चित्र होतं. नुसतं निळं. भिंतभर. संदीप आदल्या आठवड्यात चिपची एक डेडलाइन गाठून आला होता, रोज चार तासांची झोप. निळ्यासमोर बसून पाच मिनिटांत तो झोपला. पाठ ताठ, हात मांडीवर, मान किंचित झुकलेली. लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण मी एकोणीस वर्षं शेजारी झोपते, मला श्वासावरून कळलं.

मी त्याला कोपर मारणार तेवढ्यात लॉरेन्स आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर तो कुजबुजला की प्लीज त्यांना डिस्टर्ब करू नका, इतक्या वर्षांत मी या चित्रासमोर इतका स्थिर माणूस बघितला नाही.

मग एक वयस्कर अमेरिकन जोडपं आलं. त्यांनी संदीपकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. डोळे मिटले. त्यांच्यामागे एक मुलगी आली, खांद्याला योगा मॅट लटकवलेली. तीही बसली. अर्धा तास होईपर्यंत सात अनोळखी माणसं संदीपच्या भोवती डोळे मिटून बसली होती, आणि मला शपथेवर सांगता येईल, सगळ्यांचे श्वास त्याच्या श्वासाबरोबर चालले होते. आत, बाहेर. मधेच तो थोडा अडखळला, तर सातही जण अडखळले. निखिल खांबामागे जाऊन उभा राहिला, कारण त्याला हसू दाबता येईना.

तीस मिनिटांनी संदीप जागा झाला. आजूबाजूला सात माणसं. त्याला वाटलं असावं की आपल्याला काहीतरी झालं आणि लोक गोळा झाले. तेवढ्यात त्या वयस्कर बाईंनी डोळे उघडले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी अगदी आदरानं विचारलं की ही साधना तुम्ही किती वर्षं करताय?

संदीप अजून अर्धवट झोपेत होता. खोटं बोलायला लागणारी सावधगिरी त्याच्यात आली नव्हती.

"सिन्स माय वेडिंग," तो म्हणाला.

*

माझी गोष्ट गायींची आहे.

एक जुनं तैलचित्र. नदी, काठावर गायी, संध्याकाळचं ऊन, लांब एक पवनचक्की. कुठल्याही दाताच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये शोभेल असं. पहिली दहा मिनिटं मी ऊन बघितलं. पुढची पाच मिनिटं मी संध्याकाळी काय करायचं याचा विचार केला. मग मोजायला लागले. तो माझा दोष नाही, हाताला सवय आहे. काठावर गायी पाच. पाण्यातली प्रतिबिंबं सहा.

मी पुन्हा मोजलं. पाच. सहा. माझ्या पोटात जो आनंद झाला तो मी ऑफिसमध्ये कधी दाखवत नाही, कारण तो दिसला की डेव्हलपर चिडतात. निखिलला मोजायला लावलं. संदीपला लावलं. संदीप म्हणाला की एखादी गाय काठावरून बाहेर गेली असेल, प्रतिबिंब मागाहून जाईल.

घरी आल्यावर मला चैन पडेना. मी म्युझियमच्या संपर्काच्या पत्त्यावर ईमेल लिहिली. लिहायला बसले साधं पत्र, पण बोटांनी आपलं नेहमीचं काम केलं. विषय: पाण्यात एक गाय जास्त. पायऱ्या: एक, चित्रासमोर उभे राहा. दोन, काठावरच्या गायी मोजा. तीन, पाण्यातल्या मोजा. अपेक्षित निकाल: पाच. प्रत्यक्ष निकाल: सहा. गंभीरता: मध्यम. खाली लिहिलं की दर वेळी असंच होतं, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांवरही तपासलं आहे.

पाठवल्यावर लाज वाटली. संदीपला दाखवलं तर तो उशीत तोंड खुपसून हसला. मला म्हणाला, आता आपल्याला आत सोडणार नाहीत.

चार दिवसांनी उत्तर आलं. चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाईंकडून. त्यांनी लिहिलं होतं की तुमची ईमेल वाचून आम्ही खास कॅमेऱ्यानं रंगाच्या खाली बघितलं. चित्रकारानं आधी काठावर सहाच गायी काढल्या होत्या. मग त्याला एक नकोशी झाली, ती त्यानं गवतानं झाकून टाकली, आणि पाण्यातली पुसायचं विसरला. इतक्या वर्षांत हे आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, मनापासून आभार.

मी तो मजकूर दोनदा वाचला. माझ्या सगळ्या नोकरीत चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार मला कुणी मानले नव्हते. "माझ्या मशीनवर तर बरोबर चालतंय," हेच ऐकत आलेय. मला खरंच जरा भरून आलं.

मग खालची ओळ दिसली. त्या बाईंचा नवरा बहुतेक आमच्याच लाइनमधला असावा.

"स्टेटस: वोन्ट फिक्स. डेव्हलपर आता कंपनीत नाही."

*

एकदा ऐन मध्यावर फायर अलार्म वाजला. सगळं म्युझियम फुटपाथवर. कुठे काही जळत नव्हतं, पण अग्निशमनची गाडी येऊन तपासून जाईपर्यंत आत सोडत नाहीत. मीराचा हिशेब असा की पंधरा मिनिटं झाली, पंधरा बाकी आहेत, आणि वस्तू काय, कुठलीही चालते. फुटपाथवर पिवळा, पोपडे उडालेला फायर हायड्रंट होता. आम्ही पाच जण त्याच्याभोवती गोल करून बघायला लागलो.

अग्निशमन दलाची गाडी आली. त्यातला एक धिप्पाड माणूस आमच्यापाशी थांबला. पाच माणसं पापणी न हलवता हायड्रंटकडे बघताहेत. त्याला काळजी वाटली. त्यानं विचारलं, या हायड्रंटमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?

शिंत्रे काकांना प्रश्न कळला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "नॉट येट. टेन मिनिट्स."

तो माणूस दहा मिनिटं थांबला.

*

निखिलची गोष्ट सांगताना सुरुवातीला हसता येत नाही. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली. इथे व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवस असतात. तेवढ्या दिवसांत दुसरी मिळाली नाही तर बॅगा भरायच्या. निखिल रोज पन्नास-पन्नास अर्ज टाकायचा. जेवताना फोन, अंघोळीला जाताना फोन. घरी नागपूरला त्यानं काही सांगितलं नव्हतं. आई व्हिडिओ कॉलवर म्हणायची, बारीक झालास, तर तो जिमचं नाव सांगायचा.

तरी शनिवारी यायचा. मला म्हणाला, ताई, ही तीस मिनिटं फोन बॅगेत असतो तेवढाच वेळ मी श्वास घेतो. त्या महिन्यात आम्ही एक जपानी वाटी बघत होतो. तो सगळ्यात जास्त वेळ बसला. उठवावं लागलं.

बेचाळिसाव्या दिवशी त्याचा दुसऱ्या राज्यातल्या, बेलव्ह्यूच्या एका कंपनीबरोबर व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. शेवटची फेरी, समोर तिघं जण. त्यांनी स्क्रीनवर एका सिस्टिमची मोठी आकृती टाकली, खोकी आणि बाण, आणि विचारलं की याचा वेग कसा वाढवशील? अशा वेळी उमेदवारानं लगेच बोलायला लागायचं असतं. गप्प बसलेला उमेदवार म्हणजे गेलेला उमेदवार, हे आमच्याकडे पोरांना सहा महिन्यांत कळतं.

निखिलनं हात मांडीवर ठेवले आणि आकृतीकडे बघायला लागला. तो सांगतो की मुद्दाम नाही केलं, डोक्यात काही शिल्लकच नव्हतं, त्यामुळे जे येत होतं ते झालं. एक मिनिट. दोन मिनिटं. पलीकडून विचारणा झाली, निखिल, ऐकू येतंय ना? त्याला ऐकू आलंच नाही. तिघांपैकी एकजण म्हणाला, तो फ्रीझ झालाय. दुसरा मीटिंगमधून बाहेर पडून पुन्हा आत आला. निखिल तसाच. पुतळ्यासारखा. त्यांनी त्याला चॅटमध्ये लिहिलं, तुझं इंटरनेट गेलंय का?

आणि मग पुतळा बोलला. "डाव्या कोपऱ्यात खाली जे खोकं आहे, ते कशालाच जोडलेलं नाही."

ती आकृती त्यांनी कित्येक महिने प्रत्येक उमेदवाराला दाखवली होती. वेग कसा वाढवायचा यावर शेकडो उत्तरं ऐकली होती. त्या खोक्यातून बाहेर जाणारा बाण काढायचा राहिला होता, म्हणजे ती सिस्टिम चाललीच नसती. ते तिघं स्वतःच्याच आकृतीकडे टक लावून बसले. एक मिनिट. दोन मिनिटं. कुणी हलेना.

आता निखिलला घाम फुटला. त्यानं कॅमेऱ्यात तोंड घातलं.

"हॅलो? तुमचं इंटरनेट गेलंय का?"

नोकरी मिळाली. पहिल्या पगाराच्या आधी त्यानं आईला सगळं सांगितलं. आता तो बेलव्ह्यूला राहतो आणि शनिवारी व्हिडिओवरून हजर असतो. त्याच्यासाठी आमचा एकच फोन बॅगेबाहेर असतो, आणि तो लॉरेन्स धरून उभा राहतो.

*

शिंत्रे काकांचा पितळी किस्सा तर म्युझियमच्या कागदपत्रांत आहे.

आशियाच्या दालनात काचेच्या पेटीत एक पितळी भांडं होतं. वीतभर उंच, कमरेत बारीक, डमरूसारखं. आम्हा सगळ्यांना बघताक्षणी कळलं की हे मापटं आहे, धान्य मोजायचं. माझ्या नाशिकच्या घरी असंच होतं, त्यात आम्ही पेन्सिली ठेवायचो. पाटी वाचायची नाही हा नियम मोडून संदीपनं पाटी वाचली. लिहिलं होतं, अर्पणपात्र, धार्मिक विधीसाठी. आम्ही खुसखुसलो. मीराला सांगायला गेलो, तर काकांनी हात वर केला. गप्प.

ते स्टूल पुढे ओढून बसले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. कधी खाली वाकून, कधी उभं राहून वरून. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर. आमची तीस मिनिटं संपली, आम्ही आपापलं दिसलेलं सांगितलं. काका उठेनात. चाळीस मिनिटांनी उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं.

"हे माप खोटं आहे," ते म्हणाले.

मीराला वाटलं, काका म्हणताहेत की ही नक्कल आहे. ती समजावायला लागली की वस्तू अस्सल आहे. काका म्हणाले, वस्तू अस्सल आहे, माणूस लबाड आहे. मग त्यांनी दाखवलं. भांड्याची उंची बाहेरून एवढी, आणि वरून आत बघितलं तर खोली फक्त एवढी. आतल्या बाजूला, तळाच्या कडेनं, झाळल्याची बारीक गोल रेघ. आत दुसरं बूड बसवलेलं होतं. शेतकऱ्याकडून घेताना चांगलं माप वापरायचं, गिऱ्हाईकाला देताना हे. काकांनी आयुष्यभर मिरजेच्या आठवडी बाजारात हेच पकडलं होतं. आणि आता ते इथे काचेत, मखमलीवर, वर दिवा लावून ठेवलेलं.

मीरा धावत जाऊन ते दालन सांभाळणाऱ्या क्युरेटरना घेऊन आली. ते तरुण गृहस्थ नम्र होते, पण त्यांना वाटत होतं की एका आजोबांचा गैरसमज झालाय. तरी पुढच्या आठवड्यात त्यांनी भांड्याचा एक्स-रे काढला. दोन बुडं. मधे पोकळी. त्यांनी काकांना खास बोलावून घेतलं. मोहरी आणली, अस्सल मापाचा हिशेब काकांनी सांगितला, हातमोजे घालून मोजणी झाली. माप जवळजवळ सहाव्या हिश्शानं कमी भरलं.

क्युरेटर थक्क झाले. त्यांनी हात पुढे केला. काकांनी तो मिळवला नाही, कारण त्यांच्या हातात कागद होता. त्यांनी रीतसर पंचनामा लिहून आणला होता. मराठीत, मुद्देसूद, वस्तूच्या वर्णनासकट. पंच म्हणून संदीपची सही झाली, लॉरेन्सची झाली. लॉरेन्सनं नावापुढे हुद्दाही लिहिला. काकांचं म्हणणं होतं की आता माल जप्त करायला हवा. मीरानं समजावलं की काका, माल ऑलरेडी कुलपात आहे. ते काकांना पटलं.

एकच रकाना रिकामा होता. काकांनी पेन उघडून क्युरेटरना विचारलं, आरोपीचं नाव?

मीरानं भाषांतर केलं. क्युरेटर म्हणाले की ते कळणं शक्य नाही, हा व्यापारी कोण होता याची नोंद नाही, आणि तो वारूनही शंभर-एक वर्षं झाली असतील.

काकांनी मान हलवली. "मग फरार लिहितो," म्हणाले.

आता तिथे पाटी बदलली आहे. धान्याचं माप, तळाशी फेरफार केलेलं. पंचनामा फाइलला लावलाय, भाषांतरासकट.

*

इतक्या वेळात सुमन काकूंचं नाव आलं नाही, कारण त्या बघायला बसत नाहीत. सुमन काकू म्हणजे शिंत्रे काकांच्या पत्नी. येतात काकांबरोबरच, पण दालनाबाहेर खिडकीपाशी एक बाक आहे, तिथे क्रोशाचं विणकाम घेऊन बसतात. त्यांचं म्हणणं असं की मी घरातल्या वस्तू बघून दमलेय, परक्यांच्या कशाला बघू.

गेल्या वसंतात एका शाळेची सहल आली होती. नऊ-दहा वर्षांची पोरं, गळ्यात पेन्सिली. बाईंनी त्यांना सांगितलं होतं की म्युझियममधली कुठलीही एक गोष्ट निवडा, पंधरा मिनिटं बघा, दिसेल ते सगळं काढा. पोरं चिलखतांकडे पळाली. एक जाड भिंगाचा चष्मा लावलेली मुलगी मात्र बाकापाशी थांबली. तिनं काकूंना विचारलं, मी तुम्हाला बघू का? काकूंना वाटलं, विणकाम बघायचंय. त्या म्हणाल्या, येस, येस.

आम्ही बाहेर आलो तेव्हा चित्र संपत आलं होतं. काकू आपल्या विणताहेत, समोर ती मुलगी पालथी पडून काढतेय. झाल्यावर तिनं चित्र काकूंना दिलं आणि पळून गेली. काकूंनी काकांच्या हातात दिलं.

काका चित्र तपासायला लागले. एकदा कागद, एकदा काकू. बुटांच्या नाड्या, एक साधी गाठ, एक दुहेरी. बरोबर. स्वेटरचं खालून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं. बरोबर. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बरोबर. मग त्यांनी बोट ठेवलं.

"इथे चुकलीय. मानेवर तीळ दाखवलाय. हिला तिथे तीळ नाही."

काकूंनी ओढणी बाजूला केली. मानेवर, उजवीकडे, कानाच्या खाली, वाटाण्याएवढा तीळ.

लॉरेन्सला मराठी येत नाही, पण तोही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकांनी चष्मा कपाळावर केला, खाली आणला, जवळ गेले.

"हा कधी आला?" त्यांनी विचारलं.

"जन्मले तेव्हा," काकू म्हणाल्या.

घरी जाताना ट्रेनमध्ये दोघं समोरासमोर बसले होते. काका सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि आम्ही बाकीचे एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं असतं तर हसण्यानं आमचा जीव गेला असता. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली आहेत त्यांच्या.

पुढच्या महिन्यात काकू विणकाम न घेता आल्या. नवी साडी, केसांत पिन. बाकावर जाऊन ताठ बसल्या आणि मीराला म्हणाल्या की तुम्ही आत जा, जे बघायचं ते बघा. ह्यांची आजची वस्तू इथे आहे. मीरानं हसू गिळून घडीचं स्टूल आणून दिलं. काका त्यावर बसले, बाकापासून हातभर अंतरावर, हात मांडीवर ठेवून.

आम्ही आत गेलो. समोर एक कोरियन बरणी होती, पांढरी. कुणाला काय दिसलं ते मला विचारू नका. तीस मिनिटं होताच सगळे धडपडत बाहेर.

ती दोघं तशीच. काकूंचे कान लालबुंद झाले होते. आजूबाजूला चार-पाच लोक थांबून बघत होते, लॉरेन्स त्यांना लांब राहा म्हणून खुणा करत होता. आम्हाला बघितल्यावर काकू पदर सावरत उठायला लागल्या.

"अहो, झाला अर्धा तास. पुरे आता, उठा," त्या म्हणाल्या.

काकांनी नजर हटवली नाही.

"बस. अजून डावी बाजू राहिली आहे."